तीन ठोके

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार. सेम्बावांग

आलो एकदाचा! तेरा वर्षं बोटीच्या कठड्याला टेकून ज्या शहराचे दिवे पाहिले, तिथे आज माझ्या नावाचं घर आहे. भाड्याचं का होईना, पण दारावर किल्ली माझी. सातवा मजला, दोन खोल्या, आणि खिडकीतून सामुद्रधुनीची एक पट्टी दिसते. पलीकडे मलेशिया. डावीकडे जुन्या शिपयार्डच्या क्रेन उभ्या आहेत. अंजलीला व्हिडिओ कॉल करून नळ, गॅस, बाल्कनीतले कपडे वाळत घालायचे बांबू, सगळं दाखवलं. मेधाला फक्त लिफ्ट बघायची होती, म्हणून तिला तीनदा खाली-वर नेली. दोघी दोन मार्चला येतील. तोवर मी एकटा संसार मांडायचा.

घर दाखवायला एजंट मिसेस कोह आली होती. स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक छोटी खोली आहे, चारी बाजूंनी जाड काँक्रीट आणि दार चक्क लोखंडी, बोटीवर असतं तसं. इथल्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक घरात असा बॉम्ब शेल्टर बांधतात म्हणे, युद्ध झालं तर लपायला. मी थोडा गांगरलो, तर मिसेस कोह हसून म्हणाली, "वॉर नेव्हर कम, सो स्टोअररूम लाह!" भिंतीत वरच्या बाजूला हवेसाठी दोन गोल भोकं आहेत, त्यांची लोखंडी झाकणं शेजारी साखळीला लटकतायत. दाराची आतली मूठ तेवढी निखळली आहे. आत असताना दार लागलं तर उघडता येणार नाही, असं तिने बजावलं आणि माणूस पाठवते म्हणाली. मी छाती पुढे काढून सांगितलं की मी सेकंड इंजिनिअर होतो, मूठ बसवायला मला माणूस लागत नाही. उद्या बसवतो.

कपाटावर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. आईने दिलेला चिवडा उघडला आणि निम्मा संपवला.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस हार्बरफ्रंटला. म्हणजे मी राहतो शहराच्या डोक्यावर आणि काम करतो पायाशी. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सव्वा तास जातो. पण बोटीवर इंजिनच्या धडधडीत आयुष्य गेलेल्या माणसाला बसून पेंगायला सव्वा तास मिळणं ही चैन आहे. तक्रार नाही.

माझं काम सुरक्षा विभागात. बोटीवर चढण्याआधी खलाशांचे वर्ग घ्यायचे. पहिलाच विषय आला बंद टाक्यांचा. महिनोन् महिने बंद असलेल्या टाकीत लोखंड गंजत असतं आणि गंज आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वास येत नाही, घुसमटही होत नाही. माणूस शिडी उतरतो, चार पावलं टाकतो आणि त्याचे पाय मुडपतात. म्हणून नियम तीन. मीटर दोरीने तळापर्यंत सोडून हवा तपासायची. टाकीच्या तोंडाशी जो माणूस उभा असेल त्याने जागा सोडायची नाही. आणि दर दहा मिनिटांनी ठोके. बाहेरून एक ठोका म्हणजे कसं आहे, आतून एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे काहीतरी द्या. तीन म्हणजे मला बाहेर काढा.

छान बोललो असणार, कारण टाळ्या पडल्या. ऑफिसने मला खिशाला अडकवायचा ऑक्सिजन मीटर दिला. साध्या हवेत तो २०.९ दाखवतो. १९.५ च्या खाली गेला की कोकलतो. तो बॅगेला लावून घरी आलो.

११ फेब्रुवारी, रविवार

चिनी नववर्षाची सुट्टी. शेजारच्या आजींनी दोन संत्री दिली. एका हाताने घ्यायची नसतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा दुसरा हात धरून ओंजळ करून दिली.

दुपारी सुमित्रावहिनींचा मेसेज आला. तीन वर्षांनी. मी सिंगापूरला आहे हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. लिहिलंय की, साहेब, गावात लोक म्हणतात हे दारू पिऊन टाकीत उतरले. मुलीच्या सासरीही बोलणी ऐकावी लागतात. मला दुसरं काही नको. तुम्ही तिथे होतात. ते प्यायले होते का, आणि आपल्या मनाने उतरले होते का, एवढंच सांगा.

हे म्हणजे बाबाजी, वहिनींचे यजमान. आमच्या बोटीवरचे फिटर, दापोलीकडचे, पन्नाशी उलटलेले. ही वही पुढे कधी अंजलीने वाचली तर तिला कळावं म्हणून इथे लिहून ठेवतो. १९ मार्च २०२१. आमची बोट इथेच, सिंगापूरच्या पूर्वेला बोटी नांगरतात तिथे उभी होती. डेकखालच्या टाकीतला एक व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा होता. मी त्यांना जेवणानंतर उतरू म्हणून सांगितलं होतं. मी जेवायला गेलो असताना ते स्वतःच्या मनाने, परवानगीशिवाय उतरले आणि आतच गेले. चौकशीच्या अहवालातही असंच आहे.

वहिनींना लिहिलं की गडबडीत आहे, सवडीने कळवतो.

मूठ काल विकत आणली. पिशवी चपलांच्या रॅकवर आहे. उद्या बसवतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवारी घरून काम. जेवून लॅपटॉप उघडला आणि शेल्टरच्या दारावर एक ठोका पडला. आतून.

पाइप तापून आवाज करतात, हे मला कुणी शिकवायला नको. हातातलं काम चालू ठेवलं. दहा मिनिटांनी परत एक. मग दहा मिनिटांनी आणखी एक. मी घड्याळ लावून बसलो होतो, म्हणजे आधीपासूनच मनात काय होतं ते उघड आहे. उठून दार उघडलं. आत माझ्या दोन बॅगा, खोकी आणि घरमालकाचा जुना पंखा. काँक्रीट गार होतं. दुसरं काहीच नव्हतं.

वेळ मात्र लिहून ठेवतो. पहिला ठोका दोन वाजून दहा मिनिटांनी.

१८ फेब्रुवारी, रविवार

इथल्या मराठी मंडळींपैकी लताताईंकडे वुडलँड्सला बुद्धवंदना होती. दहा-बारा घरची मंडळी जमतात, कुणी नागपूरचं, कुणी औरंगाबादचं, कुणी पुण्याचं. वंदनेनंतर झुणका-भाकरी आणि ठेचा. किती दिवसांनी पोट भरून जेवलो!

पण एक गोष्ट झाली. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, तिथे माझा आवाज फुटेना. ओठ हलवले. शेजारी ऑफिसमधला प्रबोध बसला होता, त्याने माझ्याकडे बघितलं. खोकल्याचं निमित्त केलं. तेही खोटंच झालं म्हणा.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा दोन-दहाला. एक ठोका, दहा मिनिटांनी एक. आज मीटर हातात घेऊन शेल्टर उघडला. मीच हसलो स्वतःला, स्टोअररूमची हवा तपासणारा मी जगातला पहिला माणूस असेन. दारात मीटर २०.९. दोरीला बांधून जमिनीपर्यंत सोडला, नियमाप्रमाणे.

१९.१. कोकलायला लागला.

ओढून वर घेतला, तर २०.९. पुन्हा खाली, १८.७. मीटर बिघडला असणार. सोमवारी ऑफिसात तपासून घेतला. उत्तम चालतोय म्हणाले.

(हा शेवटचा भाग सोमवारी रात्री लिहिला.)

२५ फेब्रुवारी, रविवार

प्रबोध म्हणाला, घरात कोंडून बसतोस म्हणून चेहरा उतरलाय, चल. पुलाउ उबीन बेटावर गेलो. भाड्याच्या सायकली, पत्र्याची जुनी घरं, नारळपाणी. मला बरं वाटत होतं. परतीच्या छोट्या बोटीत बारा माणसं भरल्यावर बोटवाल्याने निघायची खूण म्हणून फळीवर पाय आपटला. एकदा.

मी उठून उभा राहिलो आणि मोठ्याने ओरडलो, "ठीक!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. समोर लांबवर नांगरलेल्या बोटी दिसत होत्या. प्रबोधने माझी बाही ओढून मला खाली बसवलं.

२ मार्च, शनिवार

आल्या! मेधा विमानतळावर पळत आली ती सरळ पायाला बिलगली. पाच वर्षांची झाली, तिच्या दोन पायांवर उभं राहण्याच्या सगळ्या तारखा मी बोटीवर असताना निघून गेल्या. आता नाही. आता मी रोज संध्याकाळी घरी असणार. यासाठीच तर सगळं केलं.

अंजलीने अर्ध्या तासात स्वयंपाकघराची मांडणी बदलली आणि मी महिनाभर काय खात होतो यावर तोंडसुख घेतलं. घर भरलं. मला रडू आलं, ते कांद्यावर ढकललं.

शेल्टरमध्ये जायचं नाही, असं दोघींना बजावलं आहे. ही वही मी आता तिथेच, बॅगांच्या मागे ठेवणार. घरात दुसरी जागा नाही आणि अंजलीच्या हाती ती पडायला नको. आत जाताना दारात माझी चप्पल अडकवतो. मूठ बसवायला हवी.

६ मार्च, बुधवार

आज ऑफिसात होतो. मेधा शेजारच्या आजींकडे खेळून 'कॅनॉट लाह' शिकून आलीय. संध्याकाळी अंजलीने विचारलं की दुपारी कुणीतरी ठोकत होतं, आपल्याच घरात वाटलं, काय असेल? मी म्हटलं, वरच्या मजल्यावर काम चालू आहे. इथे कुणी ना कुणी सतत फरशा फोडत असतं. लक्ष देऊ नकोस.

तिने लगेच मान्य केलं. माझ्यावर तिचा किती विश्वास आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं आणि नको वाटलं. वरचा फ्लॅट रिकामा आहे.

९ मार्च, शनिवार

दुपारी डुलकी लागली होती. उठून पाहतो तर मेधा शेल्टरच्या दाराशी फतकल मारून बसलेली. आतून एक ठोका. मेधाने खेळण्यातल्या चमच्याने दारावर एक ठोका दिला.

तिला उचलून बाल्कनीत नेलं. काय करत होतीस म्हणून विचारलं. म्हणाली, आतले आजोबा विचारतात, आपण त्यांना सांगायचं. एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे काहीतरी द्या. तीन म्हणजे मला बाहेर काढा. हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणे आजोबांनी. बोलले का ते? नाही, ते नुसतं वाजवतात.

मी तिच्यासमोर हे कधीही बोललेलो नाही. अंजलीलाही माहीत नाही.

तिच्याकडून वचन घेतलं. हात हातात घेऊन. एक ऐकू आला, तीन ऐकू आले, काहीही ऐकू आलं तरी उत्तर द्यायचं नाही, आईला सांगायचं नाही आणि दार तर कधीच उघडायचं नाही. ती म्हणाली, तीन आले तरी? मी म्हटलं, तीन आले तरी.

तिने चमचा फ्रॉकच्या खिशात ठेवला. मग हो म्हणाली.

११ मार्च, सोमवार

सुमित्रावहिनींचा दुसरा मेसेज. साहेब, तुम्हाला सवड झाली नसेल. मुलगी माहेरी येऊन राहिली आहे. एवढं सांगितलंत तर तुमचे पाय धुऊन पाणी पिईन.

माझे पाय!

घरी येताना एमआरटीत बसून लिहिलं, वहिनी, मला खरंच ठाऊक नाही. मी तेव्हा जेवायला गेलो होतो.

पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. त्या बाई एमआरटीत माझ्या शेजारी बसून वाचत असाव्यात असं वाटलं. उत्तर आलं, बरं साहेब. सुखी रहा.

घरी आलो. अंजली म्हणाली, आज वरच्यांनी कहर केला. दुपारी तीन-तीन ठोके, थांबून परत तीन, अर्धा तास.

१३ मार्च, बुधवार

ताप आला म्हणून घरी आहे. ११ फेब्रुवारीला मी इथे लिहिलं ते खोटं आहे. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारा माणूस मी. आता खरं लिहितो.

मी जेवायला गेलो नव्हतो. कोविडचे दिवस, अकरा महिने कुणी बोटीवरून उतरलं नव्हतं. माणसं कमी, म्हणून टाकीच्या तोंडाशी मीच थांबलो. मीटर अर्ध्यापर्यंतच सोडला, दोरी आखूड होती आणि लांब दोरी आणायला गोदामात जावं लागलं असतं. बाबाजी म्हणाले, साहेब, तुम्ही आहात ना वर, मग मला काय. आणि उतरले. ठोक्यांची भाषा मला त्यांनीच शिकवली होती, मी कॅडेट असताना.

दोन-दहाला पहिला ठोका दिला. आतून एक आला. ठीक.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. किनाऱ्याचं सिग्नल आलं होतं. नऊ दिवसांनी. बोटीवर राहिलेल्यांनाच कळेल, सिग्नल आलं की माणूस जेवणावरून उठतो, आंघोळीतून पळतो. रेलिंगपाशी चांगलं मिळायचं, तीस पावलांवर. गेलो. अंजलीने फोन मेधाच्या तोंडाशी धरला. दोन वर्षांची मेधा बाबाला आकडे म्हणून दाखवत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहानंतर अडायची आणि परत एकपासून. मी म्हणत होतो, म्हण बाळा, दहापर्यंत म्हण, बाबा थांबलाय.

पायाखालच्या पत्र्यातून तीन ठोके आले.

मला ऐकू आले. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. मला ऐकू आले. अंजलीलासुद्धा फोनवर ऐकू आले, तिने विचारलं, कसला आवाज येतोय? मी म्हटलं, कुणीतरी गंज खरवडतंय, लक्ष देऊ नकोस. मला वाटलं, आणखी एकदा म्हणू दे तिला. दहा झाले की जातो. हे सिग्नल परत कधी येईल कोण जाणे.

परत तीन आले. मग परत, पण हळू.

ती दहापर्यंत पोचलीच नाही.

मग परवानगीचा कागद, ज्यावर थांबणारा म्हणून माझं नाव होतं, तो मी फाडून समुद्रात टाकला. कॅप्टनने काही न विचारता माझं म्हणणं लिहून घेतलं. हे घर, ही नोकरी, रोज संध्याकाळी मेधा, हे सगळं त्या फाडलेल्या कागदावर उभं आहे.

आता दोन वाजून दोन मिनिटं झालीयत. आठ मिनिटं

१५ मार्च, शुक्रवार

ठोके थांबत नाहीत. हवेच्या भोकांतून येतात असं वाटलं म्हणून आज दोन्ही झाकणं लावली. पान्याने नट आवळले, पुरा जोर लावून. हाताने सुटणार नाहीत. काम चोख केलं.

शेल्टरच्या आतल्या भिंतीवर खालून गंज चढतोय. काँक्रीटवर. बोट लावलं, बोटाला लागला.

अंजली विचारते, तुला काय होतंय. मेधा माझ्याकडे येत नाही.

१७ मार्च, रविवार

वंदनेला गेलो नाही.

वहिनींना मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला. अंजलीला आधी सांगायला हवं, तिने फोन धरला होता — ती आयुष्यभर तो आवाज — नाही. तिला नको.

पण वहिनींना सांगायचंच. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. त्या पोरीला सासरी परत — मंगळवारी. १९ ला. त्याच दिवशी पाठवेन. ठरलं.

१९ मार्च, मंगळवार

२.१५. शेल्टरमध्ये. आत.

नीट लिहितो. आज रजा घेतली होती. मेसेज लिहून झाला होता, बोट बटणावर. दोन-दहा झाले. आतून तीन ठोके. लहान हाताचे वाटले. मेधा कुठे दिसेना. या वेळी मी थांबलो नाही, एवढं कुणीतरी लक्षात घ्या. पळत गेलो, चप्पल दारात अडकवली, बॅगांच्या मागे पाहिलं. मेधा नव्हती. ही वही होती.

दार लागलं. चप्पल आत आहे, माझ्या पायाशी. जोडी नीट लावून ठेवलेली.

मूठ बाहेर रॅकवर, पिशवीत. पानाही बाहेर. मेसेजचं बटण दाबलं. गोल फिरतंय. सिग्नल नाही. इथे काँक्रीट आहे. मीटर खिशाला अडकवलेला आहे.

मीटर २०.९.

२.२०. झाकणांचे नट हाताने — नखं तुटली. ओरडलो. दाराला कान लावला तर अंजलीचा आवाज येतो, लांबून. तिच्या आईशी फोनवर बोलतेय. मी तीन ठोके दिले. चपलेने नाही, मुठीने, जोरात.

अंजली म्हणाली, अगं काही नाही, वरच्या मजल्यावर काम चाललंय.

१९.२. मीटर कोकलतोय. हे शक्य नाही. एवढ्या खोलीत दिवसभराची हवा — हे मी शिकवतो —

गंजाचा वास. गंजाला वास नसतो म्हणालो होतो.

तीन. परत तीन.

२.३०. बाहेरून एक ठोका आला. चमच्याचा. मेधा आहे. दाराला चिकटून आहे. मी तीन दिले. तिचं बोलणं ऐकू येतंय, हळू, दाराच्या फटीशी तोंड लावून. आजोबा, सॉरी. बाबा सेड कॅनॉट ओपन लाह. तीन आले तरी नाही. मी प्रॉमिस केलंय.

मेधा मी आहे. मी आहे. आवाज फुटत नाही. चौथ्या शीलाला फुटला नव्हता तसा.

१७. पाय —

वहिनी, बाबाजी प्यायलेले नव्हते. मनाने उतरले नाहीत. मी वर आहे म्हणून उतरले. त्यांनी तीनदा बोलावलं, मी ऐकलं. ही वही कुणाला मिळाली तर सुमित्रावहिनींना द्या. अंजली हे पान फाडू नकोस. मी एक फाडलं होतं —

तीन देतोय. हळू येतायत.

मेधा म्हणते, आजोबा रडू नका, मी दहापर्यंत म्हणते, मग तुम्ही घरी जा. मराठीत म्हणतेय, आजोबांना कळावं म्हणून. तिला शंभरपर्यंत येतात आता. म्हण बाळा. बाबा थांबलाय.

एक. दोन. तीन. चार. पाच.

सहा.

थांबली. का थांब— म्हण ना, सात, मेधा, सा—

परत एकपासून